मासळी नसलेल्या जागी

माझ्या भाचीच्या वहीला मासळीचा वास येतो. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथे ती शिकते आणि प्रबंधासाठी पावसाळा सरल्यापासून थंडीपर्यंत ट्रॉलरवरून समुद्रात जाते. वही जाड पुठ्ठ्याची, पानं खाऱ्या हवेने फुगलेली, मध्येच एखाद्या पानाला वाळलेला खवला चिकटलेला. नखाने काढायला गेलं तर कागदाचा पापुद्रा घेऊनच निघतो, म्हणून ती तो तसाच राहू देते. लिहिलेलं सगळं शिसपेन्सिलीने, कारण ओल्या हाताखाली शाई पसरते. रकाने ठरलेले आहेत: जाळं सोडल्याची वेळ, उचलल्याची वेळ, अक्षांश, रेखांश, खोली, तळ, वारा. त्याखाली नावांची उतरंड. नाव, नग, वजन, लांबी.

त्यातली लॅटिन नावं मला कळत नाहीत, पण अक्षर वाचता येतं. सकाळच्या नोंदी सरळ आणि गोल असतात. दुपारी वायव्येचा वारा सुटला की ओळ रेघ सोडून खाली घसरते, वेलांट्या लांबतात, आकडे एकमेकांवर कलंडतात. वाऱ्याचा रकाना न बघताही त्या दिवशी होडी किती हलत होती ते सांगता यावं. असंच चाळताना एक पान लागलं. वरचे सगळे रकाने नीट भरलेले होते. वेळ होती, खोली होती, तळ चिखलाचा असल्याची नोंद होती. खाली, जिथून नावं सुरू व्हायची, तिथे एक शून्य. पान फुकट गेलं असं वाटून मी विचारलं, तर म्हणाली, "फुकट कसं, मामा? शून्य पण लिहावं लागतं."

काही मिळालं नाही हे इतक्या टापटिपीने लिहून ठेवणारी माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत. हिशेबाच्या वह्यांत तोटा असतो, पण तोटा म्हणजे काहीतरी गेल्याची नोंद. इथे काही गेलेलं नव्हतं आणि आलेलंही नव्हतं. तिच्या सरांची परवानगी काढून, पाहुणा म्हणून, मी तिच्याबरोबर गेलो तो या शून्यापायी.

मिरकरवाड्याच्या बंदरातून ट्रॉलर पहाटे सुटते. रत्नदुर्गाचा डोंगर मागे पडतो, दीपगृहाचा झोत एकदोनदा अंगावरून जातो आणि मग इंजिनाच्या धडधडीखेरीज काही उरत नाही. आमचे तांडेल वयस्क होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. खोली दाखवणारं यंत्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, तरी बोलताना ते पाणी वावातच सांगत. दोन्ही हात फैलावले की एक वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. पूर्वी दोरीला शिशाचं वजन बांधून ते तळाला टेकवत. वजनाच्या बुडाला चरबी फासलेली असे. वर ओढलं की चरबीला तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटून येई. किती खोल आणि कशावर, दोन्ही एकाच दोरीत कळे. भाचीच्या वहीतले 'खोली' आणि 'तळ' हे रकाने शेजारी शेजारी का आहेत, ते मला तेव्हा उमगलं.

आम्ही जात होतो ते पाणी दहा ते वीस वावांचं. शाळेच्या भूगोलात ज्याला समुद्रबूड जमीन म्हणतात तिचा हा किनाऱ्याकडचा पट्टा. मुंबईसमोर ही जमीन दोनशे किलोमीटरच्याही पलीकडे पसरलेली आहे, दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. कोकणातल्या साऱ्या नद्यांचा गाळ इथेच बसतो. उथळ म्हटलं की आपल्याला घोट्याएवढं पाणी आठवतं, पण या उथळात एखादी पाच-सहा मजली इमारत सहज बुडेल. तरीही समुद्राच्या मानाने हे अंगणच. पिल्लं इथे वाढतात, कोळंबी इथल्या चिखलात उकरते, आणि माणसाची जाळीही इथेच सगळ्यात दाट.

सर्वेक्षणाच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, आणि ठरवताना मासळी कुठे लागते हा विचार मुद्दाम बाजूला ठेवलेला असतो. नकाशावर चौकटी आखायच्या, खोलीप्रमाणे त्यांचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काही चौकटी उचलायच्या आणि तिथे जायचं. हे चाचांना पटण्यासारखं नव्हतं. भाचीने आकडे सांगितले, त्यांनी ते यंत्रात घातले आणि पडद्याकडे बघत मान हलवली.

"तिथे काय नाय. डिझेल जाळायला जायचं काय?"

"चाचा, नाही ते पण बघायचंय."

डिझेल कॉलेजचं होतं, म्हणून त्यांनी पुढे वाद घातला नाही. पण सुकाणू फिरवताना खलाशाकडे पाहून ते जे हसले, त्यात एका हुन्नरी माणसाची सगळी कीव होती. उभा जन्म त्यांनी मासळी असलेल्या जागा शोधण्यात घालवला होता. पाण्याचा रंग, पाखरांची झुंबड, भरती-ओहोटीची तिथी, बापाने सांगितलेली डोंगराच्या टोकांची निशाणी, हे सगळं ज्ञान त्या एका प्रश्नासाठी जमवलेलं. आणि ही पोर त्यांना डोळे झाकून कुठेही घेऊन चालली होती.

मला दोघंही खरी वाटली. आपली नजर बहुतेक वेळा चाचांच्याच नजरेसारखी चालते. मासळी बाजारात मी ठरलेल्या कोळणीसमोरच थांबतो. पुस्तकांच्या दुकानात ठरावीक कपाटाकडे पाय वळतात. गावी गेल्यावर ठरलेल्या घरांत चहा होतो, आणि गाव आपल्याला माहीत आहे असं मी लोकांना सांगतो. जिथे काही लागतं तिथेच आपण जातो, आणि तिथे जे लागलं त्यालाच जग समजतो. चिठ्ठीत आली म्हणून एखाद्या बिनकामाच्या गल्लीत शिरावं आणि तिथे दिसेल ते लिहून काढावं, असं मी कधी केल्याचं आठवत नाही.

जाळं सोडण्याचा सोहळा मोठा आवाजी असतो. विंच करकरते, तारा सुटतात, आणि लोखंडी पट्ट्या मारलेल्या दोन जड फळ्या पाण्यात पडतात. होडी पुढे चालली की पाण्याच्या दाबाने या फळ्या एकमेकींपासून दूर जातात आणि जाळ्याचं तोंड आडवं उघडं राहतं. वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीला साखळी. बोये वरचा ओठ उचलून धरतात, साखळी खालचा ओठ तळाला घासत नेते, आणि जे काही उठतं ते मागे निमुळत्या होत गेलेल्या खोळीत जाऊन साठतं. वेग ताशी दोन-अडीच सागरी मैल, माणसाच्या चालण्याइतका. तासभर हे असंच चालतं. वर चहा होतो, कुणी पेंगतं, खलाशी मोबाइलवर गाणी लावतो. खाली काय होत आहे ते कुणालाच दिसत नसतं. तारेवर हात ठेवून चाचा मधूनच काहीतरी ओळखत होते. थरथर बदलली की तळ बदलला, असं म्हणाले. मी हात ठेवून पाहिला, मला इंजिनच जाणवलं.

मग खोळ वर येते. पाखरं तिच्या आधी आलेली असतात. पाणी निथळत ती डेकवर लोंबकळते, खलाशी वाकून खालची गाठ ओढतो, आणि ढीग कोसळतो. आधी ओला धप्प आवाज होतो आणि मग बारीक चुरचुर सुरू होते. कोळंबीच्या मिशा, खेकड्यांचे पाय, शिंपल्यांच्या कडा, सगळं एकमेकांवर घासत असतं.

सुरुवातीला ढिगाचा एकच रंग दिसतो, चिखलाचा. पाण्याची बादली मारली की तो फुटतो. राणी मासा गुलाबी, अंगावर पिवळ्या रेघा. मांदेली सोनेरी. वाकटीला खवले नाहीत, शेपटीचा परही नाही, नुसती चंदेरी पट्टी निमुळती होत केसासारखी संपते. लेप अंगावरचा चिखल काही सोडत नाही. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा कपाळ ओलांडून पलीकडे जातो आणि मग तो उरलेला जन्म कुशीवर पडून काढतो. ढोम्याच्या डोक्यात दोन पांढरे, संगमरवरी दिसणारे कानखडे असतात. त्यांच्यावर वाढीची वलयं उमटतात आणि अभ्यासक त्यावरून वय काढू पाहतात. पण आपल्याकडे कडक हिवाळा नाही, वाढ कधी धड थांबत नाही, त्यामुळे वलयंही पुसट. ढोम्याच्या जातीतले नर पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून आवाज काढतात. मलेशियात पूर्वी काही कोळी पाण्यात डोकं बुडवून या आवाजावरून थवा शोधत. आमच्या ढिगातले ढोमे गप्प होते. जाळं ऐकत नाही, ते फक्त गोळा करतं.

म्हाकूल मेल्यावरही काही काळ रंग बदलत राहतो. त्याच्या कातडीतले तपकिरी ठिपके फुलतात, मिटतात, पुन्हा फुलतात. केंड फुगून चेंडू झालेला आणि त्या फुगलेल्या अवस्थेत फारच रागावलेला दिसतो. पाठीवर तीन डाग असलेले खेकडे बरेच होते. पाठीवर क्रुसाची खूण असलेला एक निघाला. गोव्यात ज्यांचं शव जतन केलेलं आहे त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांची एक दंतकथा या खेकड्याला चिकटलेली आहे. मोलुक्का बेटांकडे वादळात त्यांचा क्रूस समुद्रात पडला, आणि किनाऱ्याला लागल्यावर एका खेकड्याने तो नांग्यांत धरून आणून दिला म्हणे. समुद्र पडलेली वस्तू परत करतो, अशी श्रद्धा बाळगणारा माणूस ट्रॉलरवर फार वेळ उभा राहिलेला नसावा. आमच्या ढिगात वेफरची पाकिटं होती आणि एका पायातली एक चप्पल होती. भाचीने प्लास्टिकचंही वजन केलं.

एकाच ढिगाची दोनदा निवड होते, आणि ती पाहण्यासारखी असते. खलाशी भराभर टोपल्या भरतात: कोळंबी इकडे, म्हाकूल तिकडे, राणी मासा वेगळा. हा राणी मासा पूर्वी कुणी फारसं विचारत नसे. आता त्याचा लगदा होतो, त्याची सुरीमी होते, आणि परदेशात कुठेतरी त्याच लगद्यापासून नकली खेकड्याच्या कांड्या बनतात. असा माशाचा खेकडा होऊन गेला, की उरतो तो कचरा: बोटाएवढे मासे, मँटिस श्रिंप, तारामासे, शंखांत घुसलेले खेकडे, झार म्हणजे जेलीफिश. ते फावड्याने पाण्यात जातं किंवा वाळून खतात, कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात. भाचीचं काम तिथून सुरू होतं. अर्थात त्याआधी सगळा ढीग तोलून, कालवून त्यातून एक घमेलं बाजूला काढलेलं असतं, कारण सगळं मोजत बसलं तर रात्र होईल. शितावरून भाताची परीक्षा. फक्त इथे प्रत्येक शीत निराळ्या तांदळाचं, आणि काही शितं तांदळाचीच नाहीत.

ती मांडी घालून बसते. पट्टी चिकटवलेल्या फळीवर मासा ठेवते, तोंड टोकाला टेकवते, शेपूट सरळ करते, आकडा म्हणते. तिचा वर्गमित्र लिहितो. नेपाळहून आलेला एक तरुण खलाशी, डोंगरात वाढलेला, समुद्र न पाहता समुद्रावर कामाला आलेला, रिकामा झाला की तिच्याजवळ येऊन बसे. त्याला बाजारातल्या साऱ्या नावांची ओळख झाली होती. आता तो मँटिस श्रिंप उचलून विचारत होता, "इसका भी नाम है?" तिने नाव सांगितलं. तो दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा चुकला, हसला आणि तो जीव अलगद ताटलीत ठेवला. फावड्याने फेकला नाही. जीव तसाही वाचणार नव्हता. पण नाव कळल्यावर हात जरा हळू झाला, एवढं मी पाहिलं.

ही वही मला त्या दिवशी फार न्यायी वाटली. तिच्यात भाव नाही. पापलेटला एक ओळ आणि झारीला एक ओळ. २०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला, याची वहीला खबर नाही.

पण हा न्यायही जाळ्याच्या आसापुरताच, म्हणजे भोकापुरताच. आसातून जे निसटलं ते वहीत नाही. आपल्याकडच्या ट्रॉलच्या खोळीला शंकरपाळ्याच्या आकाराची आसं असतात. ओढ लागली की ती ताणून मिटतात, आणि पिल्लांनाही वाट राहत नाही. चौकोनी आसं ताणावरही उघडी राहतात, म्हणून शास्त्रज्ञ ती लावायला सांगतात. कोळ्यांचं म्हणणं, मग कोळंबी जाते. हा वाद जाळ्याइतकाच जुना आहे. १३७६ साली इंग्लंडच्या राजाकडे एक तक्रार गेली होती. कुणीतरी तळ खरवडणारं नवं जाळं काढलं आहे, त्याची आसं इतकी बारीक की काहीच सुटत नाही, तळावरची वाढ आणि शिंपल्यांची पिल्लं त्याने नष्ट होतात, आणि इतके बारके मासे मिळतात की लोक ते डुकरांना घालतात. साडेसहाशे वर्षं होत आली. डुकरांच्या जागी कोंबड्या आल्या.

उलट मोठे, चपळ मासे जाळ्याच्या तोंडातून बाजूला होतात. किती होतात ते पाहायला खाली कुणी नसतं. म्हणून हिशेब करताना एक तोडगा रूढ आहे. जाळ्याचं तोंड किती रुंद उघडलं आणि होडी किती चालली, यांच्या गुणाकारातून झाडून काढलेलं क्षेत्र मिळतं, आणि त्या क्षेत्रातल्या मासळीपैकी निम्मी जाळ्यात आली, निम्मी निसटली, असं पुष्कळदा धरलं जातं. भाचीने हे अगदी सहज सांगितलं. मी मात्र त्या निम्म्यापाशी अडकलो. इतकी तोलून-मापून मांडलेली वही, पेन्सिलीच्या टोकाएवढा फरक टिपणारी, आणि तिच्या पायाशी असं एक 'धरून चालू या'. मला ते कमीपणाचं वाटलं नाही. जे हातात आलं त्याच्या एवढंच दुसरं काहीतरी हातून गेलं असेल, हे प्रत्येक हिशेबात आधीच मांडून ठेवणारी विद्या मला आवडली.

या विद्येचा जन्म काही अशा अलिप्तपणातून झालेला नाही. मुंबईच्या गोदीत १८८१ साली बांधलेलं 'इन्व्हेस्टिगेटर' हे जहाज हिंदुस्थानच्या किनाऱ्यांचे नकाशे करायला फिरे, म्हणजे साम्राज्याच्या जहाजांना वाट दाखवायला. नकाशांतून वेळ उरला की तळाला जाळं लागे. १८८८ पासून काही वर्षं आल्फ्रेड अल्कॉक नावाचा डॉक्टर या जहाजावर होता. जहाजावरच्या माणसांच्या दुखण्या-खुपण्यांखेरीज त्याच्याकडे वर आलेले खेकडे, मासे, पोवळी बघण्याचं काम होतं. पुढे तो कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला आणि १९०२ साली त्याने या सफरींवर पुस्तक लिहिलं. त्यानंतर १९२१-२२ मध्ये मुंबईच्या समुद्रात 'विल्यम कॅरिक' ही वाफेवरची ट्रॉलर फिरवून पाहिली गेली. १९४६ साली मुंबईत खोल समुद्रातल्या मासेमारीचं जे केंद्र निघालं, त्याचंच आज भारतीय मत्स्य सर्वेक्षण झालं आहे. पुढच्याच वर्षी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आली. विल्यम कॅरिक काय किंवा ही केंद्रं काय, सुरुवातीचा प्रश्न चाचांचाच होता: मासळी कुठे आहे, किती काढता येईल? काय उरलं आहे, हा प्रश्न मागाहून आला. जाळं मात्र तेच राहिलं. कोळंबीच्या हव्यासासाठी विणलेल्या जाळ्यातून आता आपण निर्लोभ नजरेने पाहू म्हणतो.

शून्याची गोष्ट मी भाचीला परतताना विचारली. ते पान पावसाळ्यानंतरच्या दिवसांतलं होतं. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, नंतर होड्या लोटतात. त्या सुमाराला आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. वरून पावसाचं गोडं, हलकं पाणी झाकणासारखं बसलेलं असतं, त्यामुळे हवा खाली पोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचं पाणी जवळजवळ गुदमरतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतले नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली यावर लिहिलेला निबंध जगभर गाजला. शेतांतून वाहून येणारं खत ही गुदमर वाढवतं, असं त्यांचं म्हणणं. तळाचे मासे अशा वेळी दूर जातात, नाही तर वर येतात. म्हणजे वहीतलं शून्य रिकामं नव्हतं. माशांनी मोकळी केलेली ती जागा होती, आणि तिच्या रिकामेपणात कुठल्याशा उसाच्या किंवा भाताच्या मळ्याचाही हात असू शकेल. चाचांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पावसानंतर तळाची मासळी मिळत नाही हे त्यांच्या वडिलांनाही ठाऊक होतं. का मिळत नाही ते मात्र त्यांनी नीट ऐकून घेतलं.

चाचांच्या आठवणीत सौंदाळे आहेत. रुपेरी, नाजूक काट्यांचे मासे. एके काळी जाळ्यात इतके येत की त्यांच्या वजनाने खोळ फाटायची भीती वाटे, असं ते सांगतात. भाचीच्या वहीत सौंदाळा कुठे कुठे आहे, एक-दोन नगांपुरता. तिला तो दुर्मीळ वाटतच नाही. तिच्या लेखी तो आहे तेवढाच असतो. दर पिढी आपल्या डोळ्यांदेखतच्या समुद्रालाच मूळ समुद्र समजते आणि घट तिथून मोजू लागते, असं डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली मांडलं होतं. चाचांची आठवण फुगलेली असेल. आठवणी फुगतात. वही फुगत नाही, पण ती कालच सुरू झाली आहे. या दोघांच्या मध्ये कुठेतरी सौंदाळ्यांचा खरा आकडा पोहत असणार.

आणि हे सगळं मोजण्यासाठी मारावं लागतं, ते मला दिवसभर बोचत राहिलं. एवढासा मासा फळीवर निजवून त्याची लांबी लिहायची, ती तो संपल्यावर. शेकडो ट्रॉलर रोज जे ओढतात त्यापुढे या एका घमेल्याची काय मातब्बरी, हे उत्तर खरं आहे आणि अपुरं आहे. आता बाटलीभर पाणी गाळून त्यात कुणाकुणाच्या पेशी आहेत ते प्रयोगशाळेत वाचता येतं. तळाशी कॅमेरे सोडता येतात. कुणाला न दुखवता हजेरी घेता येईल, असे दिवस येत आहेत. यावेत. मग तारेची थरथर ओळखणारे चाचा लागणार नाहीत आणि नाव विचारणारा तो नेपाळी पोरगा ढिगाजवळ बसणार नाही. बाटलीतल्या पाण्यातून नावं मिळतील. पण म्हाकलाच्या कातडीवरचे ठिपके कसे मिटतात, हे कुठल्या रकान्यात येईल कोण जाणे.

अलीकडे भाची पुन्हा जाऊन आली. चाचांच्या यंत्रात त्यांच्या जागांच्या खुणा साठवलेल्या असतात. प्रत्येक तांडेलाच्या असतात, आणि कुणी त्या कुणाला दाखवत नाही. करंदीची जागा, जाळं अडकतं तो खडक, बुडालेल्या गलबताचं लाकूड. या वेळी पडद्यावर त्यांत तिला तिच्या चिठ्ठीतली जागा दिसली. चाचांनी ती पुसली नव्हती. तिला नाव दिलं होतं: 'कॉलेज'.

"तिथे तर काय नाय म्हणाला होता."

"नाय ना. म्हणून तर ठेवलाय."

टाळायला ठेवलाय की पुन्हा जाऊन बघायला, हे त्यांनी सांगितलं नाही. भाचीच्या डोक्यात आता निराळंच आहे. चाचांच्या सगळ्या जागा तिला वहीत उतरवून हव्या आहेत, चांगल्या, वाईट, खडकाच्या, सगळ्या. तिचे सर म्हणतात, विचारून तर बघ. मला वाटतं, वाईट जागा ते आनंदाने देतील. चांगल्यांसाठी तिला बरेच हिवाळे त्यांच्या होडीवर चहा प्यावा लागेल.